टाकलेलं उचललं तर चोरी होते का?

प्रश्न: मी परदेशात शिकते. वसतिगृहातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच रात्री एका सुपरमार्केटच्या मागच्या आवारात गेले. फाटक लोटलेलं होतं, कुलूप नव्हतं. कचरापेटीतून पाकीटबंद पाव, फळं आणि काही डबे घेतले. पेटीशेजारच्या खोक्यात जुना लॅपटॉप आणि कागद होते, तेही आणले. बाहेर पडताना सुरक्षारक्षकाने अडवलं, आमच्या ओळखपत्रांचे फोटो काढले आणि ‘पोलिसांचं पत्र येईल’ म्हणाला. त्यांनी स्वतःच फेकलेलं घेतलं तर ती चोरी कशी? मैत्रिणी म्हणतात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच हे कायदेशीर ठरवलं आहे. मॅनेजरला भेटून माफी मागू का? पुन्हा जायचंच नाही का? आणि त्याच आठवड्यात फुटपाथवर ठेवलेली एक खुर्ची आणली होती, ती परत नेऊन ठेवू का?

उत्तर: तुम्ही सुपरमार्केटचं नाव लिहिलंत, देशाचं लिहायला विसरलात. मला उलट चाललं असतं. दुकानाचं नाव मी गाळलं आहे. देश ठाऊक नसल्याने तीन-चार ठिकाणचे कायदे शेजारीशेजारी ठेवून सांगते, तुम्हाला लागू असेल ते घ्या.

आधी माफीचं बघू. मॅनेजरला भेटू नका आणि लिहून तर काहीच देऊ नका. ‘आमची चूक झाली, पुन्हा घेणार नाही’ ही तुमच्या मनात माफी असेल. फाइलला लागली की ती कबुली ठरते: आत गेलो, वस्तू घेतल्या, चूक आहे हे कळत होतं. चोरीच्या खटल्यात सरकारी पक्षाला सगळ्यात जड जातो तो अप्रामाणिक हेतू सिद्ध करणं. तो पुरावा तुम्ही स्वतःच्या सहीने कशाला देता?

पोलिसांनी नाव-पत्ता विचारला तर खरा सांगा. घटनेबद्दल मात्र वकिलाशी बोलण्याआधी चकार शब्द नको. खोटं तर बोलूच नका. गप्प राहणं हा हक्क आहे, थाप मारणं हा नाही. मैत्रिणींच्या ग्रुपवर त्या रात्रीचे फोटो आणि मेसेज असतील. ते घाईघाईने उडवू नका, पुरावा नष्ट केल्याचा नवा डाग लागेल. नवीन चर्चाही तिथे नको.

जर्मनीत असाल तर पोलिसांनी संशयित म्हणून चौकशीला बोलावलं तरी जाणं बंधनकारक नसतं. सरकारी वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या समन्सला मात्र जावंच लागतं. तिथे किरकोळ गुन्ह्यात सुनावणी न होताच टपालाने शिक्षेचा आदेश येऊ शकतो, आणि त्याला हरकत घ्यायला पत्र पोचल्यापासून 2 आठवडेच मिळतात. अशी पत्रं पिवळ्या लिफाफ्यातून येतात आणि पोचवल्याची तारीख पोस्टमन लिफाफ्यावरच लिहितो. तो लिफाफा जपून ठेवा, मुदत त्या तारखेपासून मोजतात. इंग्लंडमध्ये असाल तर पोलीस ठाण्यात मोफत वकील मिळतो, तो मागून घ्या. ‘ताकीद देऊन सोडतो, इथे सही करा’ असं म्हणाले तर हुरळून जाऊ नका. तिथली औपचारिक ताकीद गुन्हा कबूल केल्याशिवाय मिळत नाही आणि तिची नोंद राहते.

आता तुमचा मूळ प्रश्न. फेकलेली वस्तू बेवारस होते, हा समज जवळपास सगळ्यांचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो टिकत नाही. मालकी सोडणं म्हणजे ‘ही वस्तू आता कोणाचीही होवो, मला देणंघेणं नाही’ असा इरादा. दुकानदार पेटीत माल टाकतो तेव्हा त्याचा इरादा वेगळा असतो: हा माल ठरलेल्या कचरा ठेकेदाराने किंवा पालिकेने न्यावा. ते येईपर्यंत ताबा दुकानाचा. इंग्लंडमध्ये 1957 साली विल्यम्स विरुद्ध फिलिप्स या खटल्यात चक्क पालिकेचे सफाई कामगारच चोरीबद्दल दोषी ठरले. घराघरांतून गोळा केलेल्या कचऱ्यातला विकाऊ माल त्यांनी परस्पर विकला होता. न्यायालयाचं म्हणणं असं की डब्यात असेपर्यंत कचरा घरमालकाचा, गाडीत पडला की पालिकेचा. मधे कुठेही तो कोणाचाच नाही असा क्षण येत नाही. 2010 मध्ये बॅसिल्डनच्या प्रकरणात हेच आणखी पुढे गेलं. एका माणसाने धर्मादाय दुकानाबाहेर ठेवलेल्या देणगीच्या पिशव्या आणि दुसऱ्या तशाच दुकानामागच्या पेटीतला माल उचलला होता. देणाऱ्याने पिशव्या टाकून दिल्या नव्हत्या, संस्थेला दिल्या होत्या. पेटीतला माल संस्थेच्या ताब्यात होता. दोन्हींना चोरीचा कायदा लागू होतो, असं उच्च न्यायालय म्हणालं.

तुमच्याशी सगळ्यात जुळणारं प्रकरण जर्मनीतलं आहे. बव्हेरियातल्या ओल्चिंग गावात 2018 मध्ये दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या पेटीतून खाण्याच्या वस्तू काढल्या. पेटीला कुलूप होतं आणि त्यांनी ते चौकोनी चावीने उघडलं. 2019 मध्ये स्थानिक न्यायालयाने त्यांना चोरीबद्दल दोषी धरलं: ताकीद, प्रत्येकी 8 तास समाजसेवा, आणि 225 युरोंचा दंड, जो पुन्हा गुन्हा केला तरच भरायचा. त्या वरच्या न्यायालयात गेल्या, हरल्या. 2020 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानेही त्यांची तक्रार दाखल करून घेतली नाही. किंमतशून्य वस्तूच्या मालकीलाही फौजदारी कायद्याचं संरक्षण देण्याची कायदेमंडळाला मुभा आहे, असं त्या न्यायालयाने सांगितलं. पेटीला कुलूप घालणं, ती स्वतःच्या जागेत ठेवणं आणि न्यायला ठेकेदार नेमणं, यातून दुकानाने मालकी सोडलेली नाही असंच दिसतं, ही त्या निकालांची भिस्त होती. तुमच्या बाजूने एवढंच की तुम्ही काहीही तोडलं नाही, उघडायला हत्यार वापरलं नाही. हा फरक लहान नाही. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

मैत्रिणी सांगतात तो अमेरिकेचा निकाल म्हणजे 1988 सालचा कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवूड. इंटरनेटवर तो नवशिक्यांच्या हाती परवाना म्हणून दिला जातो आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा आला आहे. तिथे कचरा उचलणारा तुमच्यासारखा कोणी नव्हता, पोलीस होते. अमली पदार्थांच्या संशयावरून त्यांनी एका माणसाच्या घराबाहेर रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या वॉरंटशिवाय तपासल्या. प्रश्न एवढाच होता, की रस्त्यावर ठेवलेल्या कचऱ्यात खासगीपणाची अपेक्षा करता येते का? न्यायालय म्हणालं, नाही. त्या पिशव्या प्राण्यांना, मुलांना, कचरा वेचणाऱ्यांना सहज हाती लागतात, हे त्यामागचं एक कारण. या निकालाने पोलिसांचा झडतीचा अधिकार ठरला. सुपरमार्केटच्या मागच्या आवारात शिरून पेटी उपसण्याचा हक्क कोणाला दिला गेला नाही. अमेरिकेत रस्त्याकडेचा कचरा घेतल्याबद्दल खटला भरल्याचं क्वचितच ऐकू येतं, हे खरं. पण शहरागणिक नियम वेगळे आहेत. काही शहरांत पुनर्वापराचा कचरा फुटपाथवर आला की पालिकेचा होतो आणि तो उचलायला बंदी असते.

तुमची खरी अडचण पेटीपेक्षा फाटकाची आहे. अशा प्रकरणांत माणसं वस्तूवरून वाद घालतात आणि अडकतात जागेवरून. जर्मनीत कुंपण घातलेल्या आवारात परवानगीशिवाय शिरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र तो मालकाने तक्रार केली तरच चालतो आणि तक्रारीला 3 महिन्यांची मुदत असते. किरकोळ किमतीच्या चोरीलाही मालकाची तक्रार लागते, पण सरकारी वकिलाला विशेष जनहित दिसलं तर तो तिच्यावाचूनही खटला चालवू शकतो. इंग्लंडमध्ये नुसतं आत शिरणं हा बहुतांशी दिवाणी मामला. अमेरिकेत राज्यागणिक फरक पडतो, पण ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी असताना आत जाणं किंवा ‘बाहेर व्हा’ म्हटल्यावर रेंगाळणं जवळपास सगळीकडे महागात पडतं. तुमच्या रक्षकाने ‘पुन्हा येऊ नका’ असं म्हटलं होतं का, ते आठवा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, वकिलाला दाखवण्यापुरते. तसं म्हटलं असेल तर त्या दुकानाच्या आवारात पुढची फेरी म्हणजे अजाणतेपणाचा बचाव संपला.

पुढे काय होईल? गुन्हा पहिलाच, वस्तू कवडीमोलाच्या, तोडफोड नाही. अशी प्रकरणं पुष्कळदा खटल्याविना मिटतात. जर्मनीत दोष किरकोळ म्हणून सरकारी वकील प्रकरण बंद करू शकतो, कधी थोडी रक्कम भरायला लावून. लंडनमध्ये 2013 च्या शेवटी तिघांना एका सुपरमार्केटच्या मागे पकडलं आणि त्यांच्यावर चक्क 1824 च्या भटकेपणाच्या कायद्याखाली आरोप ठेवला. जानेवारी 2014 मध्ये गदारोळ झाल्यावर सरकारी वकिलांनी ‘जनहित नाही’ म्हणून तो मागे घेतला. पण ती झाली सरकारची मर्जी. पुढच्या माणसाला त्यातून हक्क मिळत नाही. फ्रान्सच्या 2016 च्या कायद्याचाही असाच उलटा अर्थ लावतात. 400 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटने न विकलेलं, खाण्याजोगं अन्न मुद्दाम नासवू नये आणि ते देण्यासाठी धर्मादाय संस्थांशी करार करावा, असं तो सांगतो. पेटीवर तुमचा-माझा हक्क आहे, असं कुठेही म्हणत नाही.

तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात, म्हणून एक जास्तीची गोष्ट. जर्मनीत परदेशी नागरिकावर फौजदारी कारवाई सुरू झाली की तपास यंत्रणेला ते परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं, ती कशी संपली तेही. एका किरकोळ प्रकरणावरून परवाना जाईल असं समजून झोप उडवून घेऊ नका, पण नूतनीकरणाच्या अर्जात ‘कधी गुन्हा नोंदला गेला का’ असा प्रश्न असेल तर तिथे ‘नाही’ लिहू नका. इतर देशांच्या व्हिसा अर्जांनाही हेच लागू. मूळ प्रकरण पन्नास जणांनी विसरलं असतं, ते अर्जातल्या खोट्या उत्तराने जिवंत होतं.

लॅपटॉप. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात न आवडलेली गोष्ट ही. पाव-फळांबद्दल न्यायाधीशाच्या मनात थोडी कणव असते, लॅपटॉपबद्दल नसते. तो फेकलेला होता की दुरुस्तीला पाठवायला बाहेर काढून ठेवला होता, हे तुम्हाला कसं कळलं? खोकं पेटीत नव्हतं, पेटीशेजारी होतं. वर त्या कागदांत ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची नावं-पत्ते, बँकेचे तपशील असतील तर विषय चोरीच्या पलीकडे जातो. यंत्र सुरू करू नका, पासवर्ड शोधू नका, कागद वाचू नका, कुणाला दाखवू नका, विकू तर अजिबात नका. जसं आणलं तसं खोक्यात ठेवा, वर तारीख घाला आणि वकिलामार्फत परत करा. स्वतः नेऊन दिलंत तर पुन्हा तीच माफीची अडचण.

पुन्हा जायचं का, याचं माझं उत्तर: प्रकरण मिटेपर्यंत कुठेच नाही. त्यानंतर दिवसा, पुढच्या दाराने. छोट्या दुकानांत जबाबदार माणसाला गाठून सरळ विचारा. पुष्कळ जण नाही म्हणतील, कारण कोणी आजारी पडलं तर निस्तरायचं कोणी, ही त्यांची धास्ती खोटी नाही. जो हो म्हणेल त्याच्याकडून दोन ओळींचा ईमेल घ्या: कोणत्या वारी, किती वाजता, कोणती पेटी. तोंडी परवानगी देणारा मॅनेजर बदलून जातो आणि रात्रपाळीच्या रक्षकाला तुम्ही कोण हे ठाऊक नसतं. मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांत उरलेलं अन्न वाटणाऱ्या संस्थांची स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणं सोपं पडतं. तिथे तोच माल कागदोपत्री तुमच्या हाती येतो.

परवानगी असली तरी पेटीच्या आत उतरू नका. काही पेट्यांना कचरा दाबून घट्ट करणारं यंत्र जोडलेलं असतं आणि आत कोणी आहे हे बाहेरून समजत नाही. माणसं पेटीत झोपलेली असताना ती गाडीत रिकामी होऊन मेल्याचे प्रकार घडले आहेत. हाताला येईल तेवढंच, जाड हातमोजे घालून, काच आणि सुया आहेत असं धरून. फुगलेला डबा घेऊ नका. एकाच मालाची, एकाच बॅचची अख्खी खोकी दिसली आणि मुदतही संपलेली नाही, तर हुरळू नका, थांबा. कंपनीने दोष सापडल्यामुळे परत मागवलेला माल असाच एकगठ्ठा पेटीत येतो. पाकिटावरचा बॅच क्रमांक देशाच्या अन्नसुरक्षा खात्याच्या यादीत तपासा. आवार सोडताना पिशव्या पुन्हा बांधून झाकण लावा. पसाऱ्यामुळे दुकानं कुलूप घालतात आणि पसाऱ्याचा दंड वेगळा बसतो. आणि पेटीत सापडलेली सीलबंद वस्तू पैसे परत मिळवायला काउंटरवर नेण्याचं कोणी सुचवलं तर त्या मैत्रिणीपासून चार हात लांब राहा. ती सरळ फसवणूक आहे.

खुर्ची परत नेऊन ठेवू नका. फुटपाथवरचं अवजड सामानही कायद्याने काही ठिकाणी पालिकेसाठीच ठेवलेलं असतं, पण एका खुर्चीमागे कोणी लागत नाही, आणि ती नेऊन टाकलीत तर बेकायदा कचरा टाकल्याचा दंड मात्र तुम्हाला बसू शकतो. फक्त गादीच्या शिवणी टॉर्च लावून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. मग ती खोलीबाहेर काढा आणि अवजड कचरा न्यायला पालिकेच्या गाडीची वेळ मागून घ्या.