अँटिबायोटिकमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयात दोष निर्माण होतो का?

तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या तुमच्या भाच्याला पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू केले आणि पुढे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पीडीए (हृदयाजवळची एक रक्तनळी उघडी राहणे) दिसला, तेव्हा तो औषधामुळेच झाला का, असे तुम्ही विचारले आहे. नाही. फुप्फुसाची रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी ही नळी प्रत्येक गर्भात उघडीच असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण दोन-तीन दिवसांत मिटते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र पुष्कळदा उघडी राहते, आणि मग जास्तीचे रक्त फुप्फुसांकडे वळून बाळाला धाप लागते.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण माझ्या मुलीच्या वेळी याच मुद्द्यावरून आमच्या घरात मोठा वाद झाला. गर्भाभोवतीचे पाणी आधीच गेले होते, संसर्गाची दाट शंका होती, म्हणून डॉक्टरांनी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक लगेच सुरू केली. पुढे स्टेथोस्कोपने हृदयात मर्मर, म्हणजे रक्त वाहण्याचा जादा आवाज, ऐकू आला, इको झाला, आणि माझ्या मोठ्या दिरांनी एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) बाहेरच निकाल दिला की, या इंजेक्शनांनी पोरीचे हृदय बिघडवले, ती आधी बंद करायला लावा. माझे पती गप्प राहिले. टाके ओले असताना मीच दिरांना सांगितले की, औषध बंद होणार नाही. डॉक्टरांनी मला समजावले होते की, रक्तातला संसर्ग शरीरातले प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वाढवतो आणि त्यामुळे ही नळी उघडी राहते किंवा मिटलेली पुन्हा उघडते. म्हणजे आम्ही अँटिबायोटिक नाकारले असते, तर तिच्या जिवाबरोबर हृदयालाही धोका वाढला असता. पुढे पॅरासिटामॉल देऊन नळी मिटली. दीर आजही प्रत्येक कार्यात तोच आरोप करतात, आणि तो आजही तितकाच चुकीचा आहे.

तुमच्या डॉक्टरांनी नळीसाठी औषध न देता वाट पाहायचे ठरवले असेल, तर ते दुर्लक्ष समजू नका. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळांवर युरोपात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वाट पाहणे हे नळी मिटवण्यासाठी आयब्युप्रोफेन देण्यापेक्षा कमी ठरले नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. उंदरांवरच्या प्रयोगांत जेंटामायसिनने ही नळी सैल पडल्याचे दिसले आहे. माणसाच्या बाळात तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय आयब्युप्रोफेनने लघवी कमी झाली, तर जेंटामायसिन शरीरात साचून मूत्रपिंड आणि कान यांना इजा होऊ शकते. त्यामुळे रक्ताच्या कल्चरचा (रक्तात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा) अहवाल काय आला, तो निर्दोष असेल आणि बाळ ठीक असेल तर अँटिबायोटिक कधी थांबवणार, आणि लघवी पुरेशी होते का, हे प्रश्न बाळाच्या आईवडिलांनी स्वतः डॉक्टरांना विचारावेत; नातेवाइकांनी दारात उभे राहून औषधे बंद करायला लावू नयेत.