इंग्रजी किशोर कादंबऱ्यांतला वर्णद्वेष भडक करून दाखवलेला असतो का? १३ वर्षांच्या मुलीला वाचू द्यावं का?

तुम्ही लिहिलंय, तुमचे भाऊ म्हणतात, "ते तिथल्या काळ्या लोकांचं दुखणं, आपल्या पोरांच्या डोक्यात कशाला भरवायचं?" नेमकं हेच माझे दीर बोलले होते, म्हणून लिहायला बसले.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक १४ वर्षांची असताना तिने लायब्ररीतून अँजी थॉमसची 'द हेट यू गिव्ह' (२०१७) आणली. १६ वर्षांच्या स्टारच्या डोळ्यांदेखत पोलीस तिच्या मित्राला गोळी घालतो. त्याच्याजवळ बंदूक नव्हती, गाडीत केसांचा ब्रश होता. सगळे बोलतात ते त्या गोळीबद्दल. माझी लेक अडली ती मायापाशी.

माया ही स्टारची चिनी वंशाची मैत्रीण. त्यांच्या गोऱ्या मैत्रिणीने, हेलीने, मायाला कधीतरी विचारलेलं असतं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुमच्याकडे मांजर खाल्लं का? तेव्हा ते थट्टेवारी गेलेलं. फार उशिरा स्टार आणि माया एकमेकींना विचारतात, आपण तिला असं बोलू कसं दिलं?

त्या रात्री मी भांडी लावत होते. लेक ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "आई, आजी आली होती ना, तेव्हा..."

त्याच्या दोन वर्षं आधी सासूबाई इथे आल्या होत्या. लेकीच्या मैत्रिणी रात्री राहायला आल्या म्हणून त्यांनी हौसेने कटलेट तळले, आणि प्रत्येकीच्या ताटलीत वाढताना सांगत होत्या, "वेजि-टेबल, ओन्ली वेजि-टेबल." पोरींनी त्यांना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. एकीने फोनवर रेकॉर्ड केलं. सासूबाईंना वाटलं, पोरींना आपला लळा लागला. पदराला हात पुसत त्या आणखी चार वेळा म्हणाल्या. मी बाहेरच्या खोलीत होते, मला खिदळणं ऐकू येत होतं, आणि मला बरंच वाटलं होतं.

"मीपण हसले गं," लेक म्हणाली आणि रडायला लागली.

दिवाळीला हे निघालं, तर दीर म्हणाले, "पोरं आहेत, थट्टा करणारच. ही पुस्तकं नसते काटे शोधायला शिकवतात." हेच भाऊजी आपल्या मुलाला "त्या काळ्याच्या पोराबरोबर" बास्केटबॉल खेळू नको म्हणतात. पण २०१५ साली अमेरिकेतल्याच अलाबामात, मॅडिसन गावी, गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, त्यात वर्णन काळ्या माणसाचं होतं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना असं आपटलं की अर्धांग झालं. त्या शेजाऱ्याने कुठे विचारलं होतं, हे कोणाचं दुखणं म्हणून?

तर, भडक? नाही. चांगल्या कादंबरीत वर्णद्वेष अगदी बारीक गोष्टीत दिसतो. मलोरी ब्लॅकमनच्या 'नॉट्स अँड क्रॉसेस'मध्ये (२००१) जग कल्पित आहे, सत्ता काळ्यांची आहे, आणि एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर जखमेची गडद तपकिरी पट्टी चिकटवलेली आहे. गोऱ्या कातडीवर ती उठून दिसते, कारण पट्ट्या त्याच रंगाच्या मिळतात. आपण बँड-एड लावताना कधी हा विचार केलाय?

हां, थॉमसच्या पुस्तकात शिव्या आहेत, अमली पदार्थ आहेत. अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक आक्षेप येतात त्यांच्या यादीत ते वारंवार आलंय. १३ व्या वर्षी एकटीला देऊ नका, बरोबर वाचा. आणि या विषयावरची काही पुस्तकं नुसती भाषणं असतात, ती मुलं स्वतःच बाजूला टाकतात.

पण मुलीच्या आधी भावांना द्या. निदान मायाचं प्रकरण येईपर्यंत वाचू देत, मग वाद घालू देत. आमच्या भाऊजींना मी दोनदा दिलं. दोन्ही वेळा बुकमार्क पहिल्या पानातच होता.