"बरं वाटायला लागलं तर कोर्टातली केस पडेल का मॅडम?"

मी मानसिक आरोग्याचं काम करते. हा प्रश्न मला अपघातानंतर येणारे पेशंट हमखास विचारतात, पण इतका थेट कोणी विचारला नव्हता. विचारणाऱ्या ताई डबे करतात, सातारा बाजूच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). स्कूटीला मागून गाडीने धडक दिली, कॉलर बोन मोडलं, प्लास्टरबिस्तर न करता पट्ट्यावर जुळलं, एक्स-रे क्लीन. आणि तरीही आठ महिन्यांनी दहा-बारा पोळ्या लाटल्या की खांद्यापासून मानेपर्यंत आग होते म्हणाल्या. घरी नवरा म्हणतो हाड जुळलंय ना आता, सासूबाई म्हणतात पैशासाठी चाललंय. आणि आता फिजिओथेरपीने जरा उतार पडतोय तर यांनी ती बंद करायचं ठरवलेलं.

मी आधी दुखण्याबद्दल बोलले. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे क्रॉनिक पेन, डॉक्टरांच्या जागतिक यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्याला स्वतःचं नाव आहे. जखम भरली तरी नसा आणि मेंदू सावधच राहतात, थोड्या ताणालाही मोठा इशारा देतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हे दिसत नाही. ताई ऐकता ऐकता रडायला लागल्या, म्हणाल्या म्हणजे मी खोटं नाही बोलत. नाही हो ताई.

मग केसचं. यांनी वकिलांकडून मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा क्लेम टाकलेला, अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकला हे फार बरं केलं, कारण १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात तशी मुदत आलीय, त्यामुळे कोणीही रेंगाळू नका. आता 'बरं वाटलं तर?' याचं खरं उत्तर मी त्यांना दिलं. हो, खरंच पूर्ण बऱ्या झालात तर कायमच्या अपंगत्वाचे पैसे कमी होतील. पण उपचार सोडलेत तर समोरचा वकील उलटतपासणीत पहिलं हेच विचारेल, एवढं दुखत होतं तर जाणं का थांबवलं? शिवाय दुखणं तर तुमच्याच खांद्यात राहणार ना.

दुसरी गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. अपंगत्वाच्या टक्केवारीच्या दाखल्यावर सगळं ठरत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात म्हटलंय की अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघायचं. उदाहरणही दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाईच जवळजवळ बुडते, सरकारी क्लार्कची तशी बुडत नाही. आणि वेदना-यातनांची भरपाई हा वेगळा भाग असतो. म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या खांद्याचा हिशोब पोळ्यांनी व्हायला हवा.

मी विचारलं, डब्यांची नोंद ठेवता का? पिशवीतून तेलाचे डाग पडलेली वही काढली त्यांनी. अपघाताआधीच्या पानावर २६ डबे, गिऱ्हाइकांची नावं, पैसे. नंतरच्या पानांवर ९, ११, मध्ये मध्ये नुसतं "सुट्टी". मी म्हटलं ही वही वकिलांना दाखवा, आणि आजपासून यातच रोज दोन ओळी दुखण्याच्या लिहा. पण चांगला दिवस असेल तर तोही लिहा, रोज "दहापैकी दहा" लिहिलंत तर कोणीच विश्वास ठेवणार नाही, मीही ठेवणार नाही. लग्नाला गेलात, फोटो निघाला, हसलात, तर लपवू नका, दुसऱ्या दिवशी काय झालं तेही लिहा.

शेवटी ताईंनी दबकत विचारलं, तुमच्याकडे येते हे कागदावर आलं तर डोक्याचं आहे म्हणतील का? काही जण म्हणतीलही. पण झोप न लागणं, गाडीचा हॉर्न ऐकून दचकणं हे पण त्या धडकेनंतरच सुरू झालंय, लपवायचं कशाला.

केस अजून चालू आहे, पुढची तारीख लागलीय, डॉक्टरांची साक्ष बाकी आहे कारण नुसता दाखला कोर्टात पुरत नाही. फिजिओला मात्र जातायत. गेल्या आठवड्यात वही दाखवली: "१४ डबे. दुपारी ठीक. संध्याकाळी खांदा जड, शेवटच्या पोळ्या मुलीने लाटल्या."