शारजाला जाताना प्रिंटर न्यावा, तिथं घ्यावा, की घरीच ठेवावा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या महिन्यात तू शारजाला नोकरीवर रुजू होतोयस, बायको आणि मुलगी नंतर येणार. गुहागरच्या घरी इंक टँकचा रंगीत प्रिंटर आहे. तो बरोबर न्यावा, तिथं नवा घ्यावा, की आईबाबांसाठी घरीच ठेवावा? मी दापोलीकडचा, शारजात बरीच वर्षं आहे आणि कागदपत्रांचं हे सगळं बायकोमुलांसकट केलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यायचा विचार आधी डोक्यातून काढ. वीज दोन्हीकडे सारखीच, फक्त तिथल्या प्लगच्या पिना चपट्या असतात, तेव्हा प्रिंटर चालेल की नाही ही अडचणच नाही. अडचण शाईची आहे. टाकी भरलेला प्रिंटर आडवा झाला की शाई झाकणातून आणि नळ्यांतून आतच सांडते. तो सपाट ठेवूनच हलवा, असं कंपनी माहितीपुस्तिकेत लिहिते. विमानाच्या सामानात तो सपाट राहील याची खात्री कोण देणार? शिवाय वजन चार ते सहा किलो. तेवढ्या वजनात तुझ्या पहिल्या सहा महिन्यांचं कोकम, कुळीथ पीठ आणि मसाला जाईल, आणि त्याची तुला जास्त गरज पडेल. भारतातली वॉरंटी तिथं चालत नाही, शाईच्या बाटल्यांचे क्रमांकही देशागणिक वेगळे असतात.

आता तिथं नवा घ्यायचा का? पहिले काही महिने तरी नको. तू एकटा, बहुधा शेअरिंगच्या खोलीत राहणार, आणि जागा एकदा तरी बदलावीच लागणार. त्या काळात छापायचं असं फार काही नसतं. व्हिसा, मेडिकल, एमिरेट्स आयडी म्हणजे तिथलं ओळखपत्र, हे सगळं कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, करतो. उरलेल्या कामांना टायपिंग सेंटर आहेत. आपल्याकडे एसटी स्टँडच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान असतं, तशी ही दुकानं तिथं रस्तोरस्ती. पण ती नुसत्या झेरॉक्सची नव्हेत. आत चारपाच कॉम्प्युटर, समोर टायपिस्ट. तुझा पासपोर्ट हातात घेऊन तो अरबी आणि इंग्रजी दोन्हींत अर्ज भरतो, सरकारी फी ऑनलाइन भरतो, प्रिंट काढून देतो, आणि कुठला कागद कमी आहे तेही सांगतो. बऱ्याचदा ही शेवटची गोष्टच सगळ्यात मोलाची ठरते. घरी बसून तूच अर्ज छापलास तर कागद मिळेल, पण ती माहिती मिळणार नाही. शिवाय यूएई पास नावाचं ॲप आहे, त्यातून बऱ्याच ठिकाणी ओळख पटवता येते आणि सहीही करता येते. ते पहिल्या आठवड्यातच सुरू करून घे.

खर्चाचा हिशेब असा मांड. प्रिंटर धर चारशे दिरहमचा आणि बाहेर पानाला एक दिरहम. महिन्याला पाच पानं लागली तर वर्षाचे साठ दिरहम, म्हणजे प्रिंटरची नुसती किंमत वसूल व्हायला साडेसहा वर्षांच्या वर लागतील. एकट्या माणसाला ते परवडणारं नाही. महिन्याला साठ पानं लागली तर मात्र कागद आणि टोनर (लेझर प्रिंटरची पूड) धरूनही वर्षाच्या आत पैसे निघतात. महिन्याला साठ पानं कधी लागतात? मुलगी शाळेत गेली की.

तिथल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जूनमध्ये नव्हे, त्यामुळे तिच्या येण्याचं आतापासूनच जुळवून घे. शाळा सुरू झाली की वर्कशीट, प्रोजेक्टसाठी चित्रं, सुट्टीतला अभ्यास सगळं पीडीएफमध्ये मोबाइलवर येतं. रात्री नऊला कळतं की उद्या सकाळी द्यायचंय. खाली लिफ्टने उतरून, उन्हाळ्याच्या त्या उकाड्यात दुकान गाठायचं, तिथं रांग. माझ्या बायकोने हे बरेच दिवस केलं आणि मग आम्ही प्रिंटर घेतला. पैशांचं गणित तेव्हा अजून जुळत नव्हतं, तरी घेतला ते बरंच झालं.

घेशील तेव्हा काळापांढरा लेझरच घे. कारण नीट समजून घे, म्हणजे दुकानात कुणी भुलवणार नाही. इंकजेटची शाई पाण्यावर बनलेली असते आणि ती 'हेड' नावाच्या भागातल्या केसापेक्षा बारीक भोकांतून येते. तिथं घरात एसी दिवसरात्र चालतो, हवा कोरडी होते, प्रिंटर पडून राहिला की भोकांच्या तोंडाशी शाई वाळते. मग 'हेड क्लीनिंग' करावं लागतं. त्यात शाई कागदावर न जाता आतल्या स्पंजमध्ये जाते, आणि तो स्पंज भरला की प्रिंटर काम करायचं थांबवतो. आता आपल्या लोकांची रीत बघ: जुलै-ऑगस्टला शाळेला सुट्टी लागली की घर बंद करून सगळे गावी जातात, कुणी गणपती करूनच परततात. इंकजेट बिघडायला एवढी विश्रांती पुरते. लेझरचं टोनर म्हणजे कोरडी पूड. ते वाळत नाही. दोन महिन्यांनी बटण दाबलं तरी पहिलं पान स्वच्छ येतं. रंगीत पानं लागतीलच, पण ती मोजकी. फोटो आणि प्रोजेक्टची रंगीत पानं दुकानातून आणायची.

दुकानात दोन गोष्टी विचार. प्रिंटरबरोबर येणारं टोनर 'स्टार्टर' म्हणजे अर्धवट भरलेलं आहे का, आणि नव्या टोनरची किंमत किती. खोक्यावर १,५०० पानं लिहिलेलं असतं ते पानाचा पाच टक्के भाग काळा होईल असं धरून. चित्रांची वर्कशीट असेल तर पानं त्याहून बरीच कमी निघतात. काही कंपन्यांचे प्रिंटर दुसऱ्या कंपनीचं टोनर चिप ओळखून नाकारतात, आणि असं बंधन पुढे सॉफ्टवेअर अपडेटबरोबरही येऊ शकतं. तेव्हा घेण्याआधी त्याच दुकानात 'कम्पॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण यात चालणारं टोनर, 'मिळतं का' असं विचार. त्या उत्तरावरून प्रिंटर पुढे किती महाग पडणार ते कळतं. दर महिन्याला शाईची वर्गणी घेणाऱ्या योजना असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. वर्गणी थांबली की त्यांची कार्ट्रिज आत शाई असूनही बंद पडतात.

घरच्या प्रिंटरबद्दल. आईबाबा तो खरंच वापरत असतील तर राहू दे, पण त्यांना एक गोष्ट हाताला धरून शिकव: प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबलं की हेड उजवीकडे आपल्या जागी जाऊन बसतं आणि त्याची तोंडं झाकली जातात. मधेच लाईट गेली तर हेड उघडंच राहतं आणि शाई वाळायला लागते. आपल्याकडे पावसात लाईट कितीदा जाते ते तुला सांगायला नको. लाईट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करायचा, एवढंच काम. आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायचं, काहीही असो, आरतीचं पान काढलं तरी चालेल.

दुसरा शत्रू दमट हवा. जुलैमध्ये रीम उघडी राहिली तर दोन दिवसांत कागद मऊ पडतो. वरचं पान उचलून बघ, कडा पन्हाळीसारखी वळलेली दिसेल, आणि प्रिंटर एकदम तीन पानं ओढेल. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवायची, बाकीची प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात. समुद्राजवळच्या घरात खारी हवा लोखंडी भागांना खाते. कुंभारीण माशीला तर भोकं आवडतातच, यूएसबीच्या भोकातसुद्धा ती मातीचं घर करते, म्हणून जुनी चादर कायम वर असू दे. मे-ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढून ठेवायचा.

आईबाबा पावसाळ्यात मुंबईला बहिणीकडे राहणार असतील तर प्रिंटर घरात ठेवू नकोस. शेजारी दहावी-बारावीची मुलं असतील त्यांना देऊन टाक. बंद घरात तो चार महिने टिकणार नाही. आईबाबांची गरज तशीही कमी झाली आहे. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. उरलेलं सेतूत किंवा झेरॉक्सच्या दुकानात होतं. फक्त दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधार पाठवायची सवय लावू नका, ती फाइल त्याच्या फोनमध्ये राहते. पाठवायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार पाठवा.

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. तुला प्रिंटरपेक्षा स्कॅनची गरज आहे, आणि त्याला मशीन लागत नाही. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच कागद स्कॅन करून पीडीएफ होते. निघण्याआधी एक अख्खी सुट्टी त्यात घाल: पासपोर्टची सगळी पानं, पदवी, विवाह दाखला, मुलीचा जन्मदाखला, जमिनीचे फेरफार, आजोबांच्या नावचे जुने खरेदीखत. प्रत्येक कागदाची मागची बाजूसुद्धा, कारण शिक्के मागेच असतात. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला आमच्याकडची छपरं उडाली तेव्हा कपाटातले कागद भिजले. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं आणि कित्येकांची कागदपत्रं चिखलात गेली. स्कॅन होते त्यांना निदान नोंदीचा क्रमांक तरी सांगता आला, नक्कल काढायला तोच लागतो.

बायकोमुलीच्या व्हिसासाठी मात्र स्कॅन चालणार नाही. विवाह दाखल्यावर आधी महाराष्ट्र शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएई दूतावासाचा आणि शेवटी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. यातले पहिले तीन भारतातच होतात. तू तिकडे गेल्यावर ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणं फार त्रासाचं. मुलीच्या जन्मदाखल्याचं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचंही शाळेला विचारून आत्ताच करून घे.

आणि जमिनीचं काही अर्धवट असेल, वारस नोंद किंवा वाटणी, तर बाबांच्या नावाचं कुळमुखत्यारपत्र शक्यतो जाण्याआधी इथंच करून टाक. तिकडून करायची वेळ आलीच तर वकिलांना मसुदा ए-फोर आकारात पाठवायला सांग. आपल्याकडे तो लीगल कागदावर करतात, आणि तिथल्या घरगुती प्रिंटरच्या ट्रेमध्ये तुला ए-फोरच मिळेल. छाप, पण सही घरी करू नकोस. ती तिथल्या भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोरच करायची असते. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेव्हा कुरिअर करायच्या आधी बाबा आणि वकील दोघं गावात आहेत ना, हे फोन करून विचारून घे.