आरसीसीबी डायरेक्ट केला आणि मालक म्हणतात दुरुस्ती तुमच्या खर्चाने

ताई, तुमचा मेल वाचला, डीबीचा (घरातल्या वायरिंगच्या मुख्य बोर्डाचा) फोटोपण बघितला. तुमचं म्हणणं असं, की पुण्यात 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतलाय, गीझर लावला की आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारी सुरक्षेची डबी) पडायचा, मालकांनी पाठवलेल्या माणसाने दहा मिनिटांत तो 'डायरेक्ट' करून दिला, आता काही पडत नाही पण नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि मालक म्हणतात किरकोळ दुरुस्ती अॅग्रीमेंटप्रमाणे तुमच्याकडे, नाहीतर डिपॉझिटमधून कापणार. हा खर्च भाड्यातून वळता करता येईल का, एवढंच तुम्ही विचारलंय.

भाड्याचं नंतर बोलू. आधी गीझरचा एमसीबी, म्हणजे त्याचा ऑटोमॅटिक ब्रेकर, डीबीतूनच खाली पाडा, नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, आणि मुलीला त्या बाथरूममध्ये आंघोळीला अजिबात पाठवू नका. तरीही नळाला झिणझिण्या आल्या तर मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत बंदच ठेवा.

फोटोत आरसीसीबीच्या वरच्या दोन्ही वायरी काढून खालच्या वायरींना पिळ्या मारून जोडलेल्या दिसतायत, वर काळी टेप. म्हणजे डबी जागेवर आहे पण तिच्यातून करंट जातच नाही. 'एमसीबी आहे ना' असं मालक म्हणतात ते चूक आहे. 16 अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असतो, माणसाच्या अंगातून करंट जातोय हे त्याला कळत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअरच्या फरकालाच पडतो. तो पडत होता म्हणजे बिघडला होता असं धरून चालू नका, बहुतेक तो आपलं कामच करत होता.

आता पैसे कोणी द्यायचे ते लीकेज (करंटची गळती) कुठे आहे यावर ठरणार, म्हणून स्वतःच्या खर्चाने का होईना पण परवानाधारक वायरमन बोलवा. आरसीसीबी परत जोडून टेस्टचं बटण दाबायला सांगा, सप्लाय चालू असताना पडला नाही तर डबीच खराब. पडला तर सगळे प्लग काढून आणि गीझरची वायर सुटी करून बघायचं, तरीही ट्रिप होतोय तर दोष वायरिंगमध्ये, ओल किंवा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला लागलंय. गीझर जोडल्यावरच पडतोय तर दोष गीझरमध्ये, बहुतेक एलिमेंट गेलाय. आणि टेस्टच्या बटणाने पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं होत नाही, ते वेगळं मोजून घ्या. हे सगळं त्याच्याकडून तारीख, सही आणि परवाना नंबरसकट लिहून घ्या, उद्या वाद झाला तर हाच कागद लागेल.

डबी किंवा वायरिंग असेल तर खर्च मालकांचा. गीझर असेल तर अॅग्रीमेंटमधली वस्तूंची यादी बघा, त्यात गीझर असेल तर तो त्यांचा, तुम्ही आणलेला असेल तर तुमचा. पण गीझर तुमचा निघाला तरी सेफ्टी काढून टाकायचा हक्क त्यांना मिळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांत 2 किलोवॅटपासून पुढच्या घरगुती जोडणीला 30 मिलीअँपिअरचं असं संरक्षण सक्तीचं आहे, तुमचा मंजूर भार महावितरणच्या बिलावर लिहिलेला असतो, तो बघून घ्या. शिवाय बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं आणि डीबीतलं संरक्षणच काढणं वेगळं, त्याला किरकोळ दुरुस्ती म्हणताच येणार नाही.

भाड्यातून कापायचं म्हणाल तर सावध राहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये किमान 15 दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यायची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत रक्कम वळती करायची सोय आहे, पण ती भाडेकरूला. तुम्ही कायद्याने भाडेकरू नाही, लायसन्सी (मालकाच्या परवानगीने राहणाऱ्या) आहात, त्यामुळे लेखी संमतीशिवाय कापलंत तर थकबाकीचा मुद्दा तेच तुमच्यावर उलटवतील. तुमच्या बाजूने उभा राहतो तो 1882 चा सुखाधिकार कायदा (ईझमेंट्स अॅक्ट), लायसन्सचे नियम त्यात आहेत. कलम 57 प्रमाणे जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, तर सांगणं त्याच्यावर बंधनकारक, आणि कलम 58 प्रमाणे जागा असुरक्षित होईल असं काही त्याने करायचं नाही. आरसीसीबी डायरेक्ट करणं म्हणजे सरळ 58 चा भंग, असं माझं स्पष्ट मत आहे. मुदतीआधी जागा सोडायची वेळ आली तर लॉक-इनच्या अटीसमोरही हीच बाजू मांडायची.

तर आजच व्हॉट्सअॅपवर फोटोसकट कळवा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा: अमुक तारखेला तुमच्या माणसाने आरसीसीबी काढला, नळाला करंट जाणवतो, सात दिवसांत पूर्ववत करून द्या. भाषा साधी ठेवा, धमकी नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 मध्ये निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा आहे खरा, पण सातही दिवस गप्प बसले तरच आपण तिकडे वळू. चॅट डिलीट करू नका आणि फोनही बदलू नका, पुढे कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, मूळ फोन हाताशी असलेला बरा. या महिन्याचं भाडं वेळेवर आणि पूर्ण भरा.

वायरमनचा कागद आला की अॅग्रीमेंटच्या वस्तूंच्या यादीच्या पानासोबत मला पाठवा, त्यावरून नोटीस तयार करतो.