कन्फर्म बुकिंग असूनही हॉटेलने खोली नाकारली. भरपाई कशी मागावी?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत माझा इलेक्ट्रिक पॅनेलचा छोटा कारखाना आहे, एकट्याच्या मालकीचा. कामासाठी मुंबईला जायचं म्हणून अंधेरीत मेट्रो स्टेशनजवळचं हॉटेल ॲपवरून दोन रात्रींसाठी बुक केलं आणि ६,४०० रुपये आगाऊ भरले. रात्री साडेअकराला पोचलो, तर खोली शिल्लक नाही म्हणाले. दुसऱ्या हॉटेलात ११,८०० रुपये गेले. ॲपवाले म्हणतात, ‘हॉटेलच्या नोंदीनुसार तुम्ही आलाच नाहीत’, आणि पैशांऐवजी क्रेडिट देऊ करतात. सकाळी मीटिंगला उशीर होऊन चार लाखांची ऑर्डरही गेली. तीही मागता येईल का?

उत्तर: ते चार लाख ग्राहक आयोगातल्या तक्रारीत लिहूच नका. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. शिवाय धंद्यातला तोटा मागितलात, की सामनेवाले, म्हणजे हॉटेल आणि ॲप, लगेच म्हणतील, ‘सेवा व्यापारी हेतूने घेतली होती, हे ग्राहकच नाहीत.’ हा आक्षेप टिकला, तर ६,४०० रुपयांचा हक्काचा मुद्दाही त्याच्याबरोबर बुडेल.

तो मुद्दा काढून टाकलात तर बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘सेवे’च्या व्याख्येत निवासाची सोय स्पष्ट शब्दांत आहे. हेतू व्यापारी होता का हे ठरवताना सेवेचा नफ्याशी थेट संबंध आहे का, हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं. व्यापारी हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्यावर आहे, हे श्रीराम चिट्सच्या निकालात २०२४ मध्ये स्पष्ट झालं. खोली तुम्ही झोपायला घेतली होती, पुढे भाड्याने द्यायला नव्हे. तक्रार स्वतःच्या नावाने, ‘अमुक फर्मचे प्रोप्रायटर’ असं लिहून करा.

रक्कम मांडताना बरेच जण चुकतात. भरलेले ६,४०० आणि दुसऱ्या हॉटेलचं पूर्ण बिल, असं दोन्ही मागता येत नाही. दोन रात्रींचे ६,४०० तुम्ही एरवीही खर्च केलेच असते. परतावा ६,४०० आणि फरकाचे ५,४०० मागा. त्यावर रिक्षाभाडं, व्याज, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च.

खरी लढाई ‘आलाच नाहीत’ या नोंदीशी आहे. हॉटेलच्या दारात उतरल्याची वेळ दाखवणारी रिक्षा-टॅक्सीची पावती, काउंटरवरून ॲपला केलेल्या कॉलची नोंद, त्याच रात्रीचं दुसऱ्या हॉटेलचं बिल हे सगळं जोडा. सीसीटीव्हीचं चित्रीकरण लवकर पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असा ईमेल हॉटेलला आजच पाठवा. नंतर त्यांनी ते दिलं नाही, तर निदान तुमची मागणी कागदावर राहते. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र लावा. आयोगात पुराव्याचे नियम तितके काटेकोर नसतात, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवा?

क्रेडिट स्वीकारायचं बटण दाबू नका. ग्राहक कबूल झाला नसेल, तर परतावा मूळ खात्यातच जायला हवा, असं पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांसाठीच्या (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन विक्रेत्याला पोचवणाऱ्या कंपन्यांसाठीच्या) रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण त्याच्यावर बंधनकारक आहे. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.

नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने हॉटेल आणि ॲप दोघांना पाठवा, आणि सामनेवालेही दोघांना करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत राहतील. पाटीवरचं नाव आणि हॉटेल चालवणारी कंपनी वेगळी असू शकते. बिलावर किंवा बुकिंगवर जीएसटी क्रमांक असेल, तर तो जीएसटी पोर्टलवर टाकून खरं नाव काढा.

मुंबईला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ॲपच्या अटींत लवादाचं (वाद खासगी पंचाकडे नेण्याचं) कलम असलं, तरी आयोगाचं दार बंद होत नाही.

मध्येच त्यांनी ६,४०० खात्यात टाकले तर ठेवून घ्या, मात्र ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कशालाही होकार देऊ नका.