म्यूझस्कोर पहिल्यांदाच उघडताय? आधी हे वाचा

संगणकावर पाश्चात्य स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे म्यूझस्कोर स्टुडिओ, पूर्ण फुकट आहे. पैसे मागतं ते त्याच नावाचं स्वरलिपींचं संकेतस्थळ, त्यामुळे गोंधळू नका. पहिल्याच दिवशी वाद्यवृंद लिहायला घेऊ नका, एकाच ओळीची ओळखीची चाल घ्या.

माउसने एकेक स्वर टाकत बसलात तर कंटाळून सोडून द्याल. कीबोर्डवर एन दाबा, म्हणजे स्वर लिहिणं सुरू होईल; मग 5 म्हणजे एक मात्रा, 4 म्हणजे अर्धी, 6 म्हणजे दोन. आधी कालावधी, मग ए ते जी यांपैकी स्वराचं अक्षर. विराम हवा तर 0. स्वर भलत्याच सप्तकात पडला (पडतोच!) तर कंट्रोल धरून वरचा किंवा खालचा बाण.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला फाइल द्यायची असेल तर म्यूझिक-एक्सएमएल (स्वरलिपीची इतर सॉफ्टवेअरनाही वाचता येणारी फाइल) करून द्या, पीडीएफ फक्त छापायला.